पाहुणे येतो म्हणाले

३ जून
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, पण मोठ्या घडामोडींच्या काळात माणसाने नोंदी ठेवलेल्या बऱ्या. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या राज्याचं एका परदेशाशी व्यापार आणि मैत्री वाढवायचं ठरलं आहे. त्यासाठी खात्यात नवा कक्ष निघतोय. त्याचा प्रमुख मी. माझ्या सेवापुस्तकात त्यांची भाषा येते अशी नोंद आहे. (कॉलेजात असताना त्या भाषेचा वर्ग लावला होता. तो मध्येच बंद पडला, त्यात माझा दोष नाही. मास्तर लग्न करून गेले.) साहेब म्हणाले, दुसरं कोणी रिकामं नाही. कौतुक लपवून बोलायची त्यांची पद्धतच आहे.
संकल्प: रोज पहाटे उठून दहा परदेशी शब्द पाठ करणे.

४ जून
पहाट हुकली. कालच्या आनंदात झोपच लागली नव्हती. उद्या वीस.

५ जून
कक्ष ताब्यात घेतला. आधी ही स्टेशनरीची खोली होती. लाखेचा वास अजून आहे. टेबलाचा एक पाय आखूड, खाली फायलीचा पुठ्ठा दुमडून घातला. खिडकीतून सायकल स्टँड दिसतो. मांडणीवर टाचण्यांचे डबे आणि कार्बन पेपर तसेच आहेत, त्यामुळे सारखं कोणीतरी टाचण्या मागायला येतं. मी देतो. लोकसंपर्क वाढतो. दारावर पाटी लागली, मैत्री व व्यापार कक्ष. तिच्याखाली जुनी ओळ पुसायची राहिली आहे, कामाशिवाय आत येऊ नये.
घरी जाहीर केलं. बायकोने विचारलं, पगार वाढला का. मी म्हटलं, मैत्रीत असलं बघत नाहीत. कन्या हसली. ती कॉलेजात आहे, सगळ्यालाच हसते.

९ जून
शब्दांचा कार्यक्रम पुढे ढकलला. आधी उच्चार पक्के असावेत. त्यांच्याकडे एक अक्षर थेट घशातून काढतात. बाथरूममध्ये कडी लावून सराव केला. बायकोने बाहेरून दार वाजवून मीठ घातलेलं कोमट पाणी दिलं.

१५ जून
मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. घरामागच्या शेडमध्ये लाकडी बटणं बनवतो. लेथवर काठी गोल करायची, चकत्या पाडायच्या, प्रत्येकीला दोन भोकं, मग पॉलिश. हात चांगला आहे त्याचा. सगळा माल बाजारातला एक घाऊक व्यापारी उचलतो, लहान मुलांच्या स्वेटरांसाठी. वर्षानुवर्षं हेच. मी म्हटलं, लेका, जन्म काय स्वेटरातच काढणार? परदेशी लोक येतायत. त्यांना इकडे खरेदी केंद्र काढायचंय, आपल्या राज्यात नाहीतर शेजारच्या. तुझी बटणं मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवतो.
तो म्हणाला, दाजी, माझं बरं चाललंय. आपल्या लोकांची हीच खोड. बरं चाललंय म्हणायचं आणि बसून राहायचं. शेवटी माझ्या आग्रहाखातर सॅम्पलं दिली, चहाच्या रिकाम्या डब्यात घालून.
तो गेल्यावर बायको म्हणाली, माझ्या भावाला यात ओढू नका. मी म्हटलं, ओढत नाहीये, वर काढतोय.

२८ जून
उच्चार जवळजवळ पक्के. शब्द सोमवारपासून.

२ जुलै
पाहुणे उद्या येणार. स्वागताचं एकच वाक्य पाठ केलं, पण दणदणीत. ‘आपली मैत्री जुनी आहे आणि ती दिवसेंदिवस वाढतेच आहे.’ कन्येने फोनवर काहीतरी दाबून सांगितलं, की बाबा, त्यांचा मैत्रीचा शब्द ऱ्हस्व आहे. तुम्ही दीर्घ म्हणताय. दीर्घ म्हटलं की छताची गळती असा अर्थ होतो. मी म्हटलं, तुझा फोन कधी त्या देशात जाऊन आलाय का? मी वर्गात शिकलोय.

३ जुलै
आले! चौघे. त्यांचे प्रमुख इतके उंच, की माझ्या कक्षात वाकून यावं लागलं. या वहीत त्यांना उंच साहेब म्हणेन. त्यांनी स्वतःची दुभाषीबाई आणली आहे. मराठी चांगली बोलते, पण सातवीचं पुस्तक मोठ्याने वाचल्यासारखी. ती असल्यामुळे माझी तशी गरज नव्हती, तरी प्रोटोकॉल म्हणून मीच स्वागत केलं. परिणाम विलक्षण. वाक्य संपताच चौघांनी एकदम मान वर करून छताकडे पाहिलं. उंच साहेबांनी बाईमार्फत फार आपुलकीने विचारलं, की प्लंबरला बोलावलंय का. त्यांच्याकडची काहीतरी शिष्टाचाराची पद्धत असणार. मी वाकून आभार मानले.

४ जुलै
सुवर्णदिन. बैठकीत लाकूड, कातडं, यंत्रं अशी रटाळ चर्चा चालू असताना मी हळूच चहाचा डबा उघडून टेबलाच्या मध्यावर सरकवला. उंच साहेबांनी एक बटण उचललं. उलटसुलट केलं. बाईशी दोन शब्द बोलले. आणि खिशात घातलं! सगळ्यांच्या देखत! आमच्या साहेबांनीही पाहिलं.
मग माझं लक्ष गेलं. उंच साहेबांच्या कोटाचं मधलं बटण नव्हतं. नुसता दोरा लोंबत होता. एवढा मोठा माणूस असा हिंडतो, म्हणजे तिकडे बटणांची काय टंचाई असेल! बाकीची बटणं नीट पाहून घेतली. मोठी, चार भोकांची. थोड्या वेळाने बाईने सुईदोरा मिळेल का विचारलं. मांडणीवर फायली शिवायचं दाभण होतं, तेच दिलं. मागणी सुरू झाली म्हणायची.

५ जुलै
निरोपाची जबाबदारी माझ्याकडे होती. गाडीत उंच साहेबांनी बाईमार्फत विचारलं, की आम्ही जातो हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं. मी समजावून सांगितलं, की आमच्यात जातो म्हणत नाहीत, कानाला बरं वाटत नाही. निघतानासुद्धा माणूस येतो म्हणतो. त्यांना इतकं आवडलं, की लिहून घेतलं. वाटेत दोनदा म्हणून दाखवलं. मी उच्चार सुधारून दिला.
विमानतळाच्या दाराशी उंच साहेब थांबले, आमच्याकडे वळले आणि हात उंचावून मोठ्याने म्हणाले, येतो!
आमच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला तर भरून आलं. ऑफिसात परतल्याबरोबर टिपणी लिहिली: ‘परदेशी पक्षाने पुन्हा येण्याचे स्पष्ट आश्वासन दिले आहे.’
रात्री जेवताना घरी सांगितलं. बायको म्हणाली, अहो, तुम्हीपण रोज सकाळी येतो म्हणता आणि ऑफिसला जाता. मी म्हटलं, आणि संध्याकाळी परत येत नाही का? तिने ताटं उचलली.

९ जुलै
मेहुण्याच्या शेडवर गेलो. भुशाने बूट भरले, पण देशकार्य आहे. बटण खिशात गेल्याची हकीकत सांगितली. त्याने दोनदा सांगायला लावली. मग कागदावर नव्या बटणाचं माप काढून दिलं. मोठं, कोटाचं, चार भोकं. त्याने विचारलं, ऑर्डरचा काही कागद आलाय का. मी म्हटलं, मैत्री आधी होते, कागद मागून येतो. मग म्हणाला, स्वेटरवाल्यांच्या मालाचं काय करू, लेथ एकच आहे. मी म्हटलं, बंद कर तो. अख्ख्या देशाचे कोट उघडे पडलेत आणि तू बाळांच्या स्वेटरात अडकून बसतोस?
तो बराच वेळ लेथच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असेल, दाजी. माझ्यावर इतका विश्वास घरात दुसऱ्या कोणाचा नाही.

११ जुलै
घाऊक व्यापाऱ्याला नाही म्हणायला मेहुणा स्वतः गेला. व्यापारी फक्त अच्छा म्हणाला. मेहुणा जरा खट्टू होऊन आला. टपरीवर चहा पाजला. मोठ्या माणसांना सुरुवातीला असं वाटतंच, असं सांगितलं.

२ ऑगस्ट
त्यांच्याकडून पत्र नाही. अशा गोष्टी सावकाशच होतात. दरम्यान टाचण्यांची मागणी वाढली आहे.

६ ऑगस्ट
शब्दांना सुरुवात केली. चार झाले. त्यातले दोन आधीच येत होते.

२० ऑगस्ट
मेहुण्याकडे गेलो होतो. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पोत्यांवर पोती. बटणं देखणी झालीत. हातात घेतलं की मोठ्या घरातला कोट डोळ्यांपुढे येतो. मेहुणा वाळलाय. चार भोकं नेमकी चौकोनात यायला फार वेळ लागतो म्हणाला. मग ड्रिल बंद करून विचारलं, दाजी, कधी येणार हो ते? मी म्हटलं, येतो म्हणालेत ना.
त्याने तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला आणि पुन्हा ड्रिल चालू केलं.

१ सप्टेंबर
स्मरणपत्र पाठवलं. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच घशातून. आपली मैत्री कशी जुनी आहे हे दोनदा लिहिलं.

१२ सप्टेंबर
आला! ईमेल आला! चांगला लांबलचक. सगळाच कळला असं नाही, पण महत्त्वाचं कळलं. सुरुवातीला धन्यवाद. मग मैत्री, आणि ऱ्हस्व. (त्यांच्याकडेही शुद्धलेखनाची बोंब दिसते.) मग शेजारी. हजारो मैलांवरून आपल्याला शेजारी म्हणतात! कुठे मिळतो हो असा जिव्हाळा. मध्ये तारीख आहे, २५ सप्टेंबर. आणि शेवटी आपल्या लिपीत, आपल्या भाषेत, एकच शब्द: येतो.
यापेक्षा स्पष्ट काय असतं?
साहेबांना सांगितलं. साहेबांनी मंत्र्यांच्या ऑफिसात सांगितलं. मेहुण्याला फोन केला. तो नुसता हसत होता, आवाज येत होता.
कन्या म्हणाली, बाबा, एकदा फोनमध्ये घालून बघू या ना, मिनिटात मराठीत येईल. मी म्हटलं, भावना यंत्राला कळत नाहीत.

१३ सप्टेंबर
पत्र पुन्हा वाचलं. शेजारी या शब्दाला लागून आणखी एक शब्द आहे, तो मला येत नाही. विशेषण असणार. शेजारी म्हणजे प्रेमळ शेजारी, असं काहीतरी.
कोश घरात आहे, पण माळ्यावर. शिडी शेजाऱ्यांनी नेली आहे.

१९ सप्टेंबर
तयारी जोरात. ऑफिसच्या पायऱ्या रंगवल्या. कुंड्यांना गेरू. बॅनरवर माझा मजकूर आहे. रंगाऱ्याने मैत्री हा शब्द एवढा मोठा काढला, की व्यापार कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. शिडी परत आली आहे. आता वेळ नाही.

२५ सप्टेंबर, सकाळी
निघतोय. इस्त्रीचा शर्ट. मेहुणाही येणार आहे, त्याने आपल्या लग्नातल्या कोटाला नवी बटणं लावली आहेत.

त्याच दिवशी, दुपारी
विमान आलं. बॅनरचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं साहेबांच्या ड्रायव्हरने. प्रवासी बाहेर आले. कोणी उंच दिसला की मी बॅनर वर करत होतो. एक उंच गृहस्थ थांबलेही, पण त्यांना टॅक्सी हवी होती. शेवटी झाडूवाले बाहेर आले. मोठी माणसं पुढच्या विमानाने येतात.

संध्याकाळी
पुढच्या विमानानेही नाही.
साहेबांनी पत्र मागितलं. दिलं. ते येणार असं कुठे लिहिलंय, दाखवा, म्हणाले. मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. साहेब त्या शब्दाकडे खूप वेळ बघत होते. मग माझ्याकडे, त्याहून जास्त वेळ. मग गाडीत बसले. गाडी एकच असल्यामुळे मी आणि मेहुणा बसने आलो. बसमध्ये उकाडा फार, तरी त्याने कोट काढला नाही.

२६ सप्टेंबर
पेपरात फोटो आहे. शेजारच्या राज्यात परदेशी खरेदी केंद्राचं काल उद्घाटन झालं. फीत कापतायत उंच साहेब. बारकाईने पाहिलं. कोटाची सगळी बटणं काळी, मधलं एक फिकट. आपलं लाकडी! म्हणजे म्हटलं तर त्या समारंभात आपल्या राज्याचं प्रतिनिधित्व झालंच. बायकोला दाखवलं. तिने पेपर पालथा घालून त्यावर लसूण सोलायला घेतला.
जेवण झाल्यावर कन्येने न विचारता पत्र फोनमध्ये घातलं आणि वाचून दाखवलं. स्वागताबद्दल धन्यवाद. मैत्री कायम राहो. खरेदी केंद्र शेजारी राज्यात काढायचं ठरलं आहे, अमुक तारखेला उद्घाटन. कोटाला बटण दिल्याबद्दल विशेष आभार. छताचं काम लवकर व्हावं ही शुभेच्छा. आपण शिकवलेल्या सुंदर शब्दानेच निरोप घेतो. येतो.
एरवी सगळ्यालाच हसणारी मुलगी आज हसली नाही. तिने हसायला हवं होतं.

३ ऑक्टोबर
कक्ष गुंडाळला. माझी बदली आवक-जावक शाखेत. साहेब म्हणाले, काय येतं आणि काय जातं, याचा जरा सराव होईल. खोली पुन्हा स्टेशनरीची झाली. पाटी काढली, खालची ओळ तशीच ठेवली.

५ ऑक्टोबर
बायको नेहमीसारखं बोलते. दूध, गॅस, लाईटबिल. भावाचं नाव काढत नाही. ओरडली असती तर चार उत्तरं तयार होती. ती तशीच पडून आहेत.

८ ऑक्टोबर
मेहुण्याचा लेथ बंद आहे. लाकूड संपलं. घाऊक व्यापाऱ्याने स्वेटरची बटणं आता दुसऱ्याकडून घ्यायला सुरुवात केली आहे. मेहुणा आम्हाला काही म्हणाला नाही, कन्येला त्याच्या मुलीकडून कळलं.
संकल्प: व्यापाऱ्याकडे मी स्वतः जाणार. एवढ्या मोठ्या वाटाघाटी केलेला माणूस मी, बाजारातल्या एका दुकानदाराचं काय.

९ ऑक्टोबर
आज गेलो नाही. बाजार बंद असण्याची शक्यता होती.

१० ऑक्टोबर
बाजार चालू असतो, असं कळलं. डोकं दुखत होतं.

१४ ऑक्टोबर
गेलो. मेहुण्याने कोणाचा तरी टेम्पो मागून आणला आणि सगळी पोती घातली. त्याला बाहेरच थांबवलं. त्याने एकदा नाही म्हटलेलं, पुन्हा तोंड कशाला दाखवायचं? बोलणी करणं हे माझं क्षेत्र.
दुकान लांबट, दोन्हीकडे भिंतभर छोटे खण, प्रत्येकावर एकेक बटण टाचलेलं. व्यापारी म्हातारा आहे. स्टूल दिलं, पाणी दिलं. मी राज्य, व्यापार, परस्परसंबंध असं सुरू केलं आणि दोन वाक्यांत अडखळलो. मग सरळ सांगितलं, की चूक माझी आहे, मुलगा चांगला आहे, माल तेवढा घ्या. त्याने एक बटण गल्ल्यावर भिंगरीसारखं फिरवलं. काम सुरेख आहे म्हणाला. पण एवढ्या बटणाला आधी कोट शोधावा लागेल, आणि मग तो घालायला माणूस. मी म्हटलं, निदान स्वेटरचं काम तरी त्याला परत द्या. दोन भोकांची पुन्हा करायला लागेल तो, आज सांगा, उद्या. माझा आवाज फार वर गेला असावा, मागचा नोकर बघायला लागला.
व्यापाऱ्याने फिरतं बटण बोटाने थांबवलं. घरी सगळे बरे आहेत ना विचारलं. मग म्हणाला, बघू.
सरकारी नोकरीत जन्म गेला माझा. हा शब्द मला कोणी समजावून सांगायला नको होता.
बाहेर आलो. मेहुणा टेम्पोच्या पायरीवर बसला होता, उठून उभा राहिला. काय म्हणाले, म्हणून विचारलं. सकारात्मक प्रतिसाद, चर्चा पुढे चालू, अशी टिपणी डोक्यात आपोआप लिहिली जात होती. ती तोंडातून बाहेर येईना. मी म्हटलं, बघू म्हणाले. त्याने मान हलवली. त्यालाही समजावून सांगावं लागलं नाही.
परत येताना तो चालवत होता, मी शेजारी. मागे पोती खळखळत होती. फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटण्यापलीकडे माझ्या हातात काहीच नव्हतं. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा त्याने रस्त्याकडे बघतच विचारलं, दाजी, एक सांगा. बाकी जाऊ द्या. त्या साहेबांना बटण खरंच आवडलं होतं ना?
मी म्हटलं, हो रे. फार आवडलं होतं.
एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला नीट माहीत होतं, की मी काय बोलतोय. तो जरा सावरून बसला. पुढची गाडी हलली, आम्हीही निघालो.